निर्वात नळीतील गाडी आणि बार्शी लाइट रेल्वे: वेगाचा हिशेब

१/ १८ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’ परिषदेत मुंबई–पुणे हायपरलूपचा इरादा-करार झाला. पंतप्रधान नरेंद्र मोदी, मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि उद्योगपती रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या उपस्थितीत तीन तासांचा प्रवास २५ मिनिटांच्या आत आणण्याचे आश्वासन देण्यात आले. राष्ट्रकूटांच्या कंधारला तेव्हा रेल्वे नव्हती, आजही नाही. म्हणून या आश्वासनाचा हिशेब मराठवाड्याच्या रेल्वे-इतिहासाच्या आधारे मांडू. #थ्रेड

२/ कल्पनेचे तत्त्व सोपे आहे. गाडीचा वेग वाढतो तसा हवेचा रोध झपाट्याने वाढतो. म्हणून नळीतील जवळजवळ सगळी हवा काढून घ्यायची आणि गाडी चुंबकीय बलाने अधांतरी पळवायची. भौतिकशास्त्राचा याला आक्षेप नाही. अडचण सुरू होते ती बांधकामापासून.

३/ नळी आणि निर्वात यांचा रेल्वेशी संबंध जुना आहे. १८४७ मध्ये इंग्लंडच्या साउथ डेव्हन रेल्वेवर इझम्बार्ड ब्रुनेलने रुळांमधील नळीतून हवा ओढून गाडी चालवली. तिथे गाडी नळीबाहेर असे आणि नळीतील दट्ट्या तिला ओढत असे. दट्ट्याच्या जोडणीसाठी ठेवलेली फट चामड्याच्या पट्टीने झाकलेली होती. ते चामडे टिकले नाही. हवा आत शिरू लागली आणि वर्षभरातच, सप्टेंबर १८४८ मध्ये, प्रयोग संपला. खर्च चार लाख पौंडांहून अधिक झाला होता.

४/ आता मुंबई–पुण्याची नळी पाहा. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला सुमारे १० टन. तो नळीने संपूर्ण लांबीवर, अहोरात्र पेलायचा. पोलाद उष्णतेने प्रसरण पावते ते वेगळेच: नळीच्या तापमानात ४० अंशांचा फरक पडला, तर ११७.५ किलोमीटरच्या पोलादी नळीची लांबी सुमारे ५६ मीटरने बदलेल. हा बदल सामावून घेणारे असंख्य सांधे हवे आणि त्यांतील एकातूनही हवा आत येता कामा नये. ब्रुनेलची चामड्याची पट्टी इथे पोलादी सांध्यांच्या रूपाने परत येते.

५/ खर्चाचा अंदाज सुमारे ७०,००० कोटी रुपये होता, म्हणजे किलोमीटरमागे जवळपास ६०० कोटी. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज ५०८ किलोमीटरसाठी १.०८ लाख कोटी, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे २१३ कोटी. आणि ११७.५ किलोमीटर २३ मिनिटांत कापले, तरी सरासरी वेग ताशी ३०६ किलोमीटरच भरतो. बुलेट ट्रेनचा नियोजित कमाल वेग ताशी ३२० आहे.

६/ २०१९ मध्ये राज्य सरकारने हा प्रकल्प सार्वजनिक पायाभूत सुविधा म्हणून स्वीकारला. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, हे तंत्र आधी इतरत्र यशस्वी होऊ द्या, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेवाडाच्या वाळवंटात कंपनीची पहिली मानवी चाचणी झाली: ५०० मीटरची नळी, ताशी १७२ किलोमीटर वेग. २०२३ च्या अखेरीस कंपनी बंद पडली.

७/ प्रायोगिक रेल्वे आपल्या भागाला नवी नाही. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉपची बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट, दर आसावर भार ५ टनांपर्यंत. लीड्सजवळ न्यूले येथे चाचणीमार्ग टाकून तिच्या गाड्या तपासल्या गेल्या. हलके रूळ, कमी भराव, कमी खर्च. १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली आणि तिथल्या बाजारपेठेला थेट बळ मिळाले.

८/ पण स्वस्त रुळांची किंमत कुर्डुवाडीला मोजावी लागे. मुख्य मार्ग रुंद, हा अरुंद. त्यामुळे प्रत्येक पोते एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचे. हे जवळपास शतकभर चालले. २००८ पर्यंत लातूर–कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला, तेव्हा कुठे हा खोळंबा संपला.

९/ त्याचे मोल एप्रिल २०१६ मध्ये कळले. तहानलेल्या लातूरसाठी टाकीचे डबे राजस्थानातील कोट्याहून निघाले, मिरजेला भरले आणि बऱ्याच अंशी त्याच जुन्या बार्शी रेल्वेच्या वाटेने लातूरला पोहोचले. पहिल्या खेपेत १० डबे, ५ लाख लिटर. रूळ अरुंद राहिले असते, तर हे डबे कुर्डुवाडीच्या पुढे सरकले नसते.

१०/ निर्वात नळीचा हाच सर्वांत मोठा दोष आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. तिला फाटा फोडणे अतिशय अवघड. मालगाडी, पाण्याची गाडी, कंधारच्या विद्यार्थ्याची पॅसेंजर यांपैकी काहीही तिच्यावर चढू शकत नाही. ती अडीच फुटी रुळांहूनही एकाकी आहे.

११/ दरम्यान नगर–बीड–परळी मार्ग: लांबी २६१ किलोमीटर, मंजुरी १९९५ ची. साडेतीनशे कोटींच्या आसपासचा अंदाज सुमारे ४,८०० कोटींवर गेला. बीडला गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तीस वर्षांच्या दिरंगाईनंतरही हा खर्च किलोमीटरमागे १८ कोटींच्या घरात आहे.

१२/ संशोधनाला विरोध नाही. मद्रासच्या आयआयटीत चारशे मीटरांहून थोडी लांब चाचणी-नळी उभी आहे आणि प्रयोगाची जागा तीच. मात्र कोणी नव्या वेगाचा आराखडा घेऊन आले, तर किती मिनिटे वाचतील याआधी एक प्रश्न विचारावा: हा मार्ग पुढे कशाला जोडला जाणार आहे? कुर्डुवाडीच्या हमालांनी या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षे पाठीवर वाहिले आहे.