पागोट्याला कोणता रंग द्यावा?

१/ रनाळे परिसरातील १८व्या शतकातील शेतकऱ्याची डिजिटल आकृती रेखाटताना त्याच्या पागोट्याचा रंगही पुराव्यावर पारखावा लागतो.

२/ कृत्रिम रंगांचे युग १८५६ मध्ये विल्यम पर्किनच्या जांभळ्या रंगापासून सुरू झाले. त्यापूर्वी लाल रंग आल किंवा मंजिष्ठेच्या मुळांतून, तर निळा निळीच्या पानांतून मिळे.

३/ इंकस्केपसारख्या वेक्टर प्रणालीत वस्त्राची एक चौकट आखली, की तिची हुबेहूब आवर्तने होतात. हाताने कातलेले सूत मात्र कुठे जाड, कुठे बारीक असे. त्यावर रंगही एकसारखा चढत नसे.

४/ म्हणून चौकटीत सुताची ही विषमता मुद्दाम रेखावी. मुंबईची पहिली कापसाची गिरणी १८५०च्या दशकातली. तिच्याआधीच्या शेतकऱ्याला गिरणीचे कापड नेसवणे म्हणजे कातणाऱ्या, विणणाऱ्या हातांना इतिहासातून वगळणे होय.