कृष्णेच्या नावाची नौका आणि तिचा पत्ता

जत तालुक्यातल्या शाळेत भूगोलाच्या तासाला समुद्र शिकवणे सोपे नाही. समुद्र सुमारे दोनशे किलोमीटर दूर. पाण्याचा प्रश्न मात्र दारात उभा. तरीही या तालुक्याचा समुद्राशी संबंध आहे. इथला पाऊस समुद्रावरून येणाऱ्या मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. पडलेले पाणी काही अग्रणीतून थेट कृष्णेला मिळते, काही बोर नदीतून भीमेत आणि भीमेबरोबर पुन्हा कृष्णेतच जाते. कृष्णा ते बंगालच्या उपसागरात नेते. या समुद्रांचा अभ्यास करण्यासाठी १९६२ साली भारताने ज्या युद्धनौकेला कामाला लावले, तिचे नावही कृष्णाच होते. फक्त इंग्रजी वळणाने ते 'किस्तना' असे लिहिले जाई.

या नौकेची कथा दोन अंगांनी सांगता येते. एक अंग नौदलाच्या नोंदींचे, दुसरे तिच्यावरून गेलेल्या आणि तिच्यावर आलेल्या टपालाचे. टपालाचे अंग शाळेत जास्त उपयोगी पडते, कारण जुनी पाकिटे अनेक घरांच्या पेट्यांत अजूनही सापडतात.

'किस्तना' स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या यॅरो कंपनीच्या गोदीत बांधली गेली आणि १९४३ साली रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाली. तिच्या जातीच्या सहा नौकांना नद्यांची नावे होती : सतलज, यमुना, नर्मदा, गोदावरी, कावेरी आणि कृष्णा. लांबी सुमारे तीनशे फूट, काम मालवाहू ताफ्यांना संरक्षण देण्याचे. फाळणीत सैन्याप्रमाणे नौदलही वाटले गेले. नर्मदा आणि गोदावरी पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या आणि तिथे त्यांची नावे 'झेलम' आणि 'सिंध' झाली. बाकीच्या चार भारताकडे राहिल्या. ऑक्टोबर १९४७ मध्ये जुनागढच्या प्रश्नावरून काठेवाडच्या किनाऱ्यावर जो ताफा पाठवला गेला, त्यात 'किस्तना' होती.

आता प्रश्न असा, की सतत फिरणाऱ्या जहाजावरच्या माणसाला पत्र पाठवायचे कसे? आज मुंबई, पुढच्या आठवड्यात कोची, त्यानंतर विशाखापट्टणम. घरच्यांना हे माहीत नसते आणि युद्धकाळात ते माहीत असूही नये. यावर जगभरच्या नौदलांनी एकच उपाय काढला. जहाज हलते ठेवायचे, पत्ता स्थिर ठेवायचा. आपल्याकडे नाविकाचे नाव, हुद्दा, जहाजाचे नाव आणि खाली 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस, मुंबई' एवढे लिहिले की पुरे. जहाज पुढे कोणत्या बंदराला लागणार हे त्या कार्यालयाला कळते आणि थैली तिकडे रवाना होते.

प्रवासी व व्यापारी जहाजांची पद्धत वेगळी. भर समुद्रात टाकलेल्या पत्राला जहाज ज्या देशाचे, त्या देशाचे तिकीट चालते. पुढच्या बंदरातले टपाल कार्यालय त्यावर 'पॅकेबो' असा शिक्का मारते. हा फ्रेंच शब्द जागतिक टपाल संघाने १८९७ च्या वॉशिंग्टन अधिवेशनात सर्वांसाठी ठरवून दिला. म्हणून भारतीय तिकिटावर परदेशी बंदराचा शिक्का दिसला, तर ती चूक समजू नये. तो जहाजाच्या प्रवासाचा पुरावा असतो.

'किस्तना'चे दुसरे आयुष्य सुरू झाले ते आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. हिंदी महासागर हा सर्वांत कमी अभ्यासलेला मोठा महासागर, आणि वर्षातून दोनदा वारे उलटे फिरतात असाही तोच. या मोहिमेचा वादविवादही टपालानेच झाला. अमेरिकी शास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी 'इंडियन ओशन बबल' नावाचे एक साधे पत्रक काढून ते टपालाने शास्त्रज्ञांकडे पाठवले आणि आराखड्यातल्या उणिवांवर मोकळी चर्चा घडवली. पुढे चाळीसहून अधिक जहाजे मोहिमेत उतरली. अमेरिकेचे 'अँटन ब्रून' हे त्यांपैकी एक. ते पूर्वी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचे 'विल्यम्सबर्ग' हे जहाज होते.

आपल्याकडे तेव्हा खोल समुद्रातल्या संशोधनासाठी मोठे जहाज नव्हते. नौदलाने 'किस्तना' दिली. १९६२ ते १९६५ या काळात तिने अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात फेऱ्या केल्या. भारतीय कार्यक्रमाची धुरा डॉ. एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती.

जहाजावर काम कसे चाले? ठरलेल्या जागी जहाज थांबवायचे. पोलादी दोरीला ठरावीक अंतरावर नॅन्सेन बाटल्या अडकवून त्या खोल सोडायच्या. मग दोरीवरून एक वजन खाली सोडायचे. ते पहिल्या बाटलीवर आपटले की बाटली उलटी होऊन बंद होते आणि दुसरे वजन सुटून पुढच्या बाटलीकडे जाते. बाटलीबरोबर तिला जोडलेला तापमापकही उलटतो. त्यातला पाऱ्याचा धागा तुटतो आणि त्या खोलीवरचे तापमान जसेच्या तसे अडकून राहते. वर आणलेल्या पाण्याची क्षारता आणि त्यातला प्राणवायू मोजायचा. याशिवाय एक चौरस मीटर तोंडाची प्रमाणित जाळी दोनशे मीटर खोलीवरून उभी वर ओढून प्लवकांचे नमुने घ्यायचे. मोहिमेतल्या सर्व देशांनी हीच जाळी वापरायचे ठरवले होते. हे नमुने कोचीच्या भारतीय महासागर जीवविज्ञान केंद्रात वर्गीकरणासाठी जात. त्याच काळात मुंबईला कुलाब्यात आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र समुद्रावरच्या वाऱ्यांच्या नोंदी जुळवत होते. मोहीम संपताच, १ जानेवारी १९६६ रोजी, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती आज गोव्यात दोना पावला येथे आहे.

'किस्तना' पुन्हा नौदलाच्या सेवेत परतली. पुढे तिचे नाव सरळ 'कृष्णा' झाले, तिच्यावर नवे अधिकारी शिकून तयार झाले, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती मोडीत निघाली. आज ती कोठेही पाहता येत नाही.

मग उरले काय? नोंदवह्यांतले आकडे, आणि टपाल. समजा, या नौकेवरून जतला आलेले एक पाकीट तुमच्या वर्गात कोणी आणले आणि त्यावरची तारीख पुसट आहे. ते कधीचे, हे मुलांना शोधू द्या. जहाजाच्या नावाआधी 'एच. एम. आय. एस.' असेल, तर पत्र २६ जानेवारी १९५० पूर्वीचे, 'आय. एन. एस.' असेल तर नंतरचे. तिकिटावर आणे असतील तर ते १ एप्रिल १९५७ पूर्वी छापलेले. नये पैसे असतील तर १९५७ ते १९६४ मधले, आणि नुसते पैसे असतील तर त्यानंतरचे. जतच्या पत्त्यात पिनकोड असेल, तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली. दुसऱ्या टोकाचा पत्ताही बोलतो. 'जत संस्थान' असेल तर बहुधा १९४८ च्या विलीनीकरणापूर्वीचे. 'दक्षिण सातारा जिल्हा' असेल तर १९४९ ते १९६० मधले. 'सांगली जिल्हा' असेल तर त्यानंतरचे. लोक जुन्या सवयीने जुना पत्ता लिहीत राहतात आणि जुनी तिकिटेही वापरतात. म्हणून एका खुणेवर विसंबू नये. चार खुणा ताडून पाहाव्यात. प्रयोगशाळेत आपण हेच करतो.

तिकिटे जमवणारी आपली मुले मात्र पाकिटाचा कोपरा फाडून पाण्यात भिजवतात, तिकीट सोडवतात आणि बाकीचे फेकून देतात. तिकीट तर लाखोंनी छापलेले असते. दुर्मिळ असतो तो शिक्का, पत्ता आणि त्यांचा एकमेकांशी असलेला संबंध. तोच कचऱ्यात जातो.

समुद्राच्या पाण्याचेही असेच आहे. 'तापमान २८ अंश' या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. कोठे, किती खोल आणि कोणत्या दिवशी, हे त्यासोबत लिहिलेले असेल तरच तो आकडा पुढे कामाला येतो. १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे एक अंशाने तापला, असे आज आपण सांगू शकतो. त्या काळात कोणीतरी डोलणाऱ्या जहाजावर उभे राहून आकड्यासमोर जागा आणि तारीख लिहिली, म्हणून ते सांगता येते. डिसेंबर २०१५ मध्ये दुसऱ्या हिंदी महासागर मोहिमेसाठी 'सागर निधी' हे जहाज गोव्याहून निघाले. त्याच्या नोंदींची तुलना करायलाही पहिल्या मोहिमेच्या नोंदी हव्यातच.

जतच्या शेतकऱ्याला पाऊस कधी येणार हे हवे असते. त्याचे उत्तर ज्या समुद्रात आहे, त्याच्या जुन्या स्थितीची साक्ष अशा नोंदींत आहे. म्हणून वर्गात दोन सवयी लावाव्यात. कोणत्याही निरीक्षणाखाली जागा आणि तारीख लिहायची. आणि जुने पाकीट हाती आले, तर तिकीट त्यावरच राहू द्यायचे.