चिनी वर्गातील मुकी इंग्रजी

श्रोतेहो, आम्ही चीन देश पाहिलेला नाही आणि इंग्रजीही कोण्या शाळेत धड शिकलेलो नाही. आठवीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे इंग्रजी आले ते कामगार कायद्याची पुस्तके, शब्दकोश आणि कारखान्यांच्या फलकांवरील नोटिसा यांतून. तेव्हा चिनी मुलांना इंग्रजी संभाषण कसे शिकवतात, या विषयावर बोलावयास आम्ही का उभे राहिलो, असे आपणांस वाटणे साहजिक आहे. त्याला कारण झाले एक यंत्र.

काही वर्षांपूर्वी आमच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात चिनी बनावटीचे यंत्र आले आणि ते उभारून देण्यास एक तरुण चिनी तंत्रज्ञ आला. आमच्या फिटर मंडळींना त्याच्याशी बोलता येईना, म्हणून आम्हांस बोलावणे आले. आम्ही आमच्या मोडक्या इंग्रजीत विचारले, पट्टा उलटा तर बसला नाही ना? तो नुसता हसला. मग खिशातून वही काढून त्याने उत्तर लिहून दिले. ते इंग्रजी इतके शुद्ध होते की युनियनच्या मागणीपत्रातही आम्हांस तसे कधी साधले नाही! भाषा त्याला येत होती, पण ती हातात होती, तोंडात नव्हती. जेवणाच्या सुटीत त्यानेच वहीवर लिहून सांगितले की असल्या इंग्रजीला त्यांच्याकडे ‘याबा यिंग्यू’ म्हणतात. याबा म्हणजे मुका. त्या दिवसापासून या मुक्या इंग्रजीविषयी मिळेल ते वाचण्याचा आम्हांस नादच लागला.

चिनी मुले स्वभावतःच लाजाळू, असे म्हणून पुष्कळ परदेशी शिक्षक मोकळे होतात. आम्हांस ते पटत नाही. या मुकेपणामागे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे.

1757 पासून चीनच्या बादशहाने युरोपियनांचा समुद्री व्यापार एकट्या कँटन बंदरापुरता ठेवला. परक्यांना चिनी शिकवणे हा गुन्हा मानला जाई. 1759 साली जेम्स फ्लिंट नावाच्या इंग्रजाने बादशहाकडे चिनी भाषेत तक्रार नेली. त्याला मकावमध्ये तीन वर्षे डांबले, आणि ज्या चिनी माणसाने तो अर्ज लिहून दिला त्याचा शिरच्छेद झाला. परक्याशी भाषेची देवघेव करणाऱ्याच्या मानेवर सुरी, ही झाली सुरुवात. तरी व्यापार थांबत नाही. हमाल, दलाल, आचारी, नावाडी यांनी इंग्रजी शब्द घेऊन ते चिनी धाटणीने जोडले आणि ‘पिजिन’ नावाची बाजारबोली तयार केली. इंग्रजी शब्दांचे उच्चार चिनी अक्षरांत लिहिलेल्या स्वस्त पुस्तिका त्यासाठी विकत मिळत. मुंबईचे जमशेटजी जीजीभाई तरुणपणी चीनच्या वाऱ्या करीत, तेव्हा कँटनच्या बाजारात हीच बोली चालत होती. या बोलीला व्याकरण नव्हते असे विद्वान म्हणत. पण मालाचा भाव ठरत होता, हिशेब चुकता होत होता, भांडणेसुद्धा होत होती! आमच्या मते चीनमधली पहिली खरी संभाषणाची शाळा ती, आणि तिचे मास्तर सारे कष्टकरी.

पुढे अफूची युद्धे झाली. 1858 च्या तिएनत्सिन तहाच्या 50 व्या कलमात इंग्रजांनी असे घातले की सरकारी पत्रव्यवहार इंग्रजीतून होईल, तूर्त सोबत चिनी मजकूर दिला जाईल. परंतु दोहोंत फरक निघाल्यास इंग्रजी मजकुराचाच अर्थ खरा धरला जाईल. श्रोतेहो, हे कलम आम्ही प्रथम वाचले तेव्हा अंगावर काटा आला. आमच्या उमेदवारीच्या दिवसांत एका कारखान्यात असाच एक इंग्रजी करार कामगारांपुढे ठेवला गेला. तोंडी सांगितले एक, कागदावर होते दुसरे. दोनशे माणसांनी सह्या-अंगठे केले आणि दोन वर्षांचा वाढीव भत्ता गमावला. सांगितले होते त्याला कोण विचारतो? कागद बोलतो.

चिनी दरबारालाही ते कळले. 1861 साली फेंग क्वेइफेन या विचारवंताने लिहिले की दुभाषांच्या भरवशावर राज्याचे व्यवहार चालवणे धोक्याचे आहे. पंधरा वर्षांच्या आतील हुशार मुले निवडून त्यांना परकी भाषा शिकवावी. 1862 मध्ये पेकिंग येथे ‘तुंगवेन क्वान’ नावाची सरकारी भाषाशाळा निघाली. आरंभी विद्यार्थी अवघे दहा, मांचू सैनिकी घराण्यांतील मुले. त्यांना धर्मोपदेश करावयाचा नाही, अशी परदेशी शिक्षकास ताकीद होती. याच शाळेतून तयार झालेल्या शिक्षकांकडे 1891 पासून क्वांगश्यू बादशहा इंग्रजी शिकू लागला. शाळेचे प्रमुख मार्टिन यांनी नोंदवले आहे की राजपुत्रांना ज्याच्यापुढे गुडघे टेकावे लागत, त्या बादशहासमोर भाषेच्या शिक्षकांना बसण्याची मुभा होती. पण शाळेचे काम खलिते वाचणे आणि त्यांचे भाषांतर करणे. म्हणजे कँटनच्या धक्क्यावर जी इंग्रजी तोंडातून आली होती, ती वर्गात शिरताना कागद होऊन शिरली. आमच्या मते हिची वाचा तेथेच बसली.

मधला काळ झरझर सांगतो. मिशनच्या शाळांत श्रीमंतांची मुले इंग्रजी बोलू लागली. 1949 नंतर रशियन भाषेचा जोर झाला. रशियाशी बिनसल्यावर 1964 मध्ये इंग्रजी पहिली परकी भाषा ठरली, आणि दोनच वर्षांत सांस्कृतिक क्रांतीने शाळाच बंद पाडल्या. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा इंग्रजीच्या धड्यांत बव्हंशी घोषणा होत्या.

याच काळातली एक हकीकत आम्हांस विसरता येत नाही. 1973 साली होनान प्रांतातील एका खेड्याच्या शाळेत पंधरा वर्षांच्या मुलीने इंग्रजीच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेमागे चार ओळी खरडल्या. मी चिनी, मला परकी भाषा कशाला, अशा अर्थाच्या. शिक्षक रागावले, मुख्याध्यापकांनी सर्वांसमक्ष खरडपट्टी काढली, आणि मुलीने पाण्यात जीव दिला. पुढे राजधानीतील पुढाऱ्यांनी त्याचे राजकारण केले. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक तुरुंगात गेले, गावोगावचे इंग्रजीचे शिक्षक धास्तावले. त्या पोरीने इंग्रजीविषयी मनातले पहिल्यांदाच काही सांगितले, आणि तेही कागदाच्या पाठीवर! ‘तुला काय वाटते’ असे तिला कोणी वर्गात विचारले असते तर?

1977 मध्ये विद्यापीठ-प्रवेशाची परीक्षा पुन्हा सुरू झाली आणि देशाला इंग्रजीचे वेड लागले. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये अनोळखी माणसे जमून एकमेकांशी इंग्रजीत बोलू लागली. तिला ‘इंग्रजी कोपरा’ नाव पडले. 1982 पासून बीबीसीची ‘फॉलो मी’ ही मालिका चिनी दूरचित्रवाणीवर लागली. पुढे शाळेत ली लेइ आणि हान मेइमेइ ही मुले असलेले पाठ्यपुस्तक आले. त्यात संवाद होते, आणि पॉली नावाचा एक पोपटही होता. मौज अशी की वर्गाने पोपटाचाच कित्ता गिरवला. ‘कशी आहेस’ म्हटले की साऱ्या देशातून एकच उत्तर : फाइन, थँक यू, अँड यू?

लानचौ विद्यापीठात नापास होत आलेला ली यांग 1988 च्या सुमारास मोकळ्या जागी जाऊन इंग्रजी वाक्ये ओरडू लागला आणि त्यातून ‘वेडी इंग्रजी’ ही चळवळ निघाली. मैदानात हजारो मुले एका सुरात ओरडत. भीती मोडते हे खरे. आम्हीही जन्मभर गेटवर घोषणा दिल्या आहेत. पण वाटाघाटीच्या टेबलाशी घोषणा कामास येत नाही. तेथे समोरचा काय बोलेल ते आधी ठाऊक नसते.

चिनी वर्गात नेमके हेच अवघड जाते. पन्नास मुले एका सुरात धडा म्हणतात तेव्हा भिंती हलतात. पण ‘तुझे मत काय’ म्हटले की पन्नास माना खाली. मान वर काढणाऱ्या पक्ष्यालाच गोळी लागते, अशी त्यांची म्हण आहे. आमचा कामगारही गेटवर गरजतो आणि साहेबाच्या केबिनमध्ये त्याचा घसा कोरडा पडतो. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. त्यात भाषेच्या अडचणी निराळ्या. चिनी बोलण्यात ‘तो’ आणि ‘ती’ यांचा उच्चार एकच, म्हणून हुशार मुलगीसुद्धा आईला ‘ही’ म्हणून जाते. क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, म्हणून काल गेलेली गाडी आजही जातच असते. प्रत्येक चुकीला थांबवत गेले तर वाक्य शेवटास जाणार कसे?

यावर उपाय शोधणारी माणसे चीनमध्येच निघाली. क्वांगचौच्या परकी भाषा संस्थेत ली श्याओजू यांनी 1979 पासून विद्यापीठाच्या मुलांसाठी निराळा अभ्यासक्रम बांधला : भाषा खऱ्या कामासाठी वापरूनच येते, हे त्याचे सूत्र. शाळेतल्या मुलांनाही ते लागू पडते. दोन मुलांची जोडी करावी. एकाच्या हाती आगगाडीचे वेळापत्रक, दुसऱ्याच्या हाती प्रवाशाची अडचण. एकमेकांचा कागद पाहावयाचा नाही. आता विचारल्यावाचून गत्यंतरच नाही! शिक्षकाने वर्गात फिरत चुका टिपून घ्याव्यात आणि शेवटी कोणाच्या ते न सांगता फळ्यावर मांडाव्यात. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये चीनला गेले आणि थोड्याच काळात चिनी भाषेत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. तेही असेच, समोर जखमी सैनिक पडलेले असता व्याकरणासाठी थांबण्यास सवड कोठली?

अडते ते परीक्षेपाशी. प्रवेश परीक्षेच्या बहुतेक ठिकाणी असलेल्या 750 गुणांपैकी इंग्रजीला 150; पण बोलण्याचे गुण त्यात धरतात ते शांघाय, बीजिंग, क्वांगतुंग अशा थोड्याच ठिकाणी. जे मोजले जात नाही त्याला वेळ कोण देणार? 2021 मध्ये सरकारने खासगी शिकवण्यांवर कडक बंधने घातली, परदेशात बसून चिनी मुलांना शिकवणाऱ्यांचे वर्ग बंद केले. फीचा बोजा उतरला, ते बरेच झाले. पण बोलण्याची उरलीसुरली जागा आता शाळेचाच तास.

आमच्या त्या तंत्रज्ञाच्या शाळेत परदेशी शिक्षक येई, आठवड्यातून एकदा. तास चाळीस मिनिटांचा, वर्गात छप्पन्न मुले. त्याने वहीवर भागाकार मांडून दाखवला : प्रत्येकाच्या वाट्याला त्रेचाळीस सेकंद. मग वही मिटून, खूप वेळ जुळवाजुळव करून, तो मोठ्याने म्हणाला की त्याची बाकसोबतीण फार बोलकी होती, ‘ही’ त्याचेही त्रेचाळीस सेकंद घेई. फिटर मंडळी हसली, तोही हसला, आणि त्याला चूक कोणी दाखवली नाही.