विहिरीपासून किती लांब?

वरूडच्या संत्रा बाजारात हंगामाला खांद्याला खांदा लागतो. 'कोन्या गावचे जी?' म्हणत अनोळखी माणूसही हात धरतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इथून परदेशी शिकायला गेलेल्या पोराला तिथली रांग खटकते. पुढचा माणूस हातभर लांब उभा असतो, जरा जवळ सरकलं की वळून बघतो. आपण मोकळे, ते तुटक, असं घरी फोनवर सांगितलं जातं. वऱ्हाडचा इतिहास पाहिला तर हे म्हणणं टिकत नाही.

शंभर वर्षांपूर्वी, वरूड मोर्शी तालुक्यात होतं तेव्हा, बाजारात दाटी होतीच. पण गावविहिरीवर महाराला दोर टाकता येत नसे. कुणी वरून पाणी ओतेल तेव्हा ते ओंजळीत घ्यायचं. अंतर इथंही काटेकोर मोजलं जाई, आणि ते जन्मावरून ठरे.

रस्त्यावरच्या वागण्याचंही तेच. आनंदीबाई जोशींनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात सांगितलं, की शाळेत जाताना मुंबईचे लोक त्यांच्याभोवती जमत, हसत, खडे मारत. दुकानदार थुंकत. त्याच वर्षी त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या.

डॉ. आंबेडकरांचा अनुभव याहून जळजळीत आहे. युरोप-अमेरिकेतल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिलं आहे. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी विश्रामगृहातून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. न्यूयॉर्कमध्ये कुणी त्यांना जात विचारून दूर उभं केलं नव्हतं. तिथल्या रांगेतलं हातभर अंतर सगळ्यांना सारखं होतं, हा फरक लहान नाही. अर्थात त्याच अमेरिकेत काळ्या माणसाला वेगळं बसवलं जाई, हेही विसरता येत नाही.

पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरोला शिकून, बॅरिस्टर होऊन परतले. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली, तीत ते होते. त्या नोव्हेंबरात अमरावतीला भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. पुढच्या वर्षी पंजाबराव जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या करण्याचा निर्णय झाला. परदेशात शिकलेल्या या दोघांनी गावातलं अंतर मोडायला घेतलं.

कागदावर खुली झालेली विहीर प्रत्यक्षात कधी खुली झाली, हे गावागावाला वेगळं आहे. वरूड-मोर्शीच्या शाळांनी आपापल्या गावची ती हकिगत म्हाताऱ्या माणसांकडून आत्ताच लिहून घ्यावी.