ध्रुवावरच्या आम्लढगांची कुळकथा

तळोज्याकडून वारा सुटला की रोडपालीतली माणसं खिडक्या लावून घेतात. तिथल्या कारखान्यांतून येणारी, नाकाला झोंबणारी ती आम्लं फार वर जात नाहीत. काही दिवसांत पावसाबरोबर नाहीतर धुळीबरोबर खाली येतात. पंधरा-वीस किलोमीटरवर, स्थितांबरात, गंधकाम्लाच्या थेंबांचा जो कायमचा थर आहे, त्याचं कूळ निराळं.

ख्रिश्चन युंग या जर्मन शास्त्रज्ञानं फुग्यांना उपकरणं बांधून १९६०च्या सुमारास तो थर शोधला. ज्वालामुखी त्यात भर घालतात; १९९१ साली पिनाटुबोनं घातली तशी. पण ते शांत असतानाही थर टिकतो कसा? पॉल क्रुट्झेन यांनी १९७६मध्ये बोट ठेवलं ते कार्बोनिल सल्फाइडवर. मुख्यतः समुद्रातून येणारा हा वायू पावसात सहजी धुऊन जात नाही, म्हणून वर पोचतो आणि तिथं त्याचं गंधकाम्ल होतं.

ध्रुवावरच्या हिवाळी अंधारात पारा उणे ७८ अंशांच्या खाली गेला की खरी गंमत सुरू होते. इतक्या थंडीत थेंब दगड व्हायला हवेत. पुष्कळसे होत नाहीत; पाणी आणि नत्राम्ल पिऊन फुगतात. काही ठिकाणी नत्राम्लाचा एक आणि पाण्याचे तीन रेणू मिळून स्फटिक धरतात, उणे ८५च्या आसपास निव्वळ बर्फही. हेच ध्रुवीय स्थितांबरी ढग. मॅककॉर्मिक आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये उपग्रहाच्या नोंदींवरून त्यांचं बारसं केलं.

तीनच वर्षांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनला पडलेलं खिंडार जाहीर झालं आणि १९८६मध्ये सुझन सोलोमन व सहकाऱ्यांनी या ढगांकडे बोट दाखवलं. ढग स्वतः ओझोन खात नाहीत. निरुपद्रवी रूपात बांधलेला क्लोरीन त्यांच्या पृष्ठभागावर मोकळा होतो. वसंतात सूर्य उगवला की हा क्लोरीन ओझोनवर तुटून पडतो. मोठे स्फटिक नत्राम्ल घेऊन खाली पडतात, त्यामुळे क्लोरीनला पुन्हा बांधणारं फारसं कुणी उरत नाही.

 

ढग निसर्गाचे, क्लोरीन मात्र बहुतेक आपला: फ्रीज-एसीच्या गॅसमधला. त्या गॅसला ना वास ना झोंब, आणि तो रोडपालीतूनही तिथवर पोचतो. जुन्या एसीवर ‘आर-२२’ लिहिलेलं असेल, तर भंगारात देण्याआधी मेकॅनिकला सांगा: गॅस हवेत सोडू नको, सिलिंडरमध्ये काढून घे.