आफ्रिकेतील ‘अरब’ व्यापारी

गेल्या वर्षी वर्गात गांधीजींचा पीटरमॅरित्झबर्गचा प्रसंग सांगत असता एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, तिथले आपले लोक तेव्हा काय करीत होते?” तामलवाडीचीही मुले पोटासाठी पुण्या-मुंबईस जातात. त्यामुळे हा प्रश्न मला मोलाचा वाटला.

जून १८९३ मधील त्या रात्रीनंतर गावातील हिंदी व्यापारी गांधीजींना स्टेशनवर भेटले. आपल्यावर आलेले असेच प्रसंग सांगून त्यांनी सांत्वन केले; यात नवल काहीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नातालमध्ये १८६० पासून करारबद्ध हिंदी मजूर उसाच्या मळ्यांवर राबत होते. म्हणून गोरे लोक सरसकट सर्वांनाच ‘कुली’ म्हणत. स्वखर्चाने आलेले मुसलमान व्यापारी मग स्वतःस ‘अरब’ म्हणवून घेत, तर पारशी बांधव ‘पर्शियन’. गोऱ्यांची ओळखण्यात चूक होते, आपण मजूर नव्हे हे त्यांना पटले की मान मिळेल, ही त्यामागची समजूत. मजुराने मात्र तो अपमान सोसावा, यात फारसे कोणाला वावगे वाटत नसावे. आपलीच माणसे म्हणून हे झाकण्यात अर्थ नाही.

ही समजूत कायद्याने मोडली. १९०६ साली ट्रान्सवाल सरकारने वटहुकमाचा मसुदा काढला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने नाव नोंदवावे, बोटांचे ठसे द्यावेत आणि पोलीस मागेल तेव्हा दाखला दाखवावा! शेठ काय नि फेरीवाला काय, ठसा सारखाच. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा भरली. तीत शेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून हा कायदा न मानण्याची शपथ घ्यावी असे सुचविले. १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर दाखले मोठ्या कढईत घालून जाळण्यात आले. पुढे १९१३ मध्ये केपच्या न्यायालयाने ख्रिस्ती पद्धतीने न झालेले विवाह अमान्य ठरविले. निकाह लावून आणलेली पत्नीही कायद्याच्या लेखी पत्नी उरेना, तेव्हा स्त्रियाही तुरुंगात गेल्या. १९१४ च्या कायद्याने ती अट सुटली.

केपटाऊनला आपल्या कोकणातील मुसलमानही पुष्कळ होते. त्यांच्या वाट्याला आला तो कागद. गावी यायचे तर छायाचित्र लावलेला मुदतीचा परवाना घ्यावा लागे. घरचे लग्न वा आजारपण लांबले, मुदत टळली, की केपचे दार बंद.