खलनायकाचें ऋण

इतिहास म्हटला म्हणजे प्रथम कागदपत्रांची आठवण व्हावी, हें धुळ्यासारख्या गांवीं विशेषच स्वाभाविक आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं आयुष्यभर दफ्तरें उपसलीं आणि १९२६ सालच्या अखेरीस याच गांवीं देह ठेवला. त्यांच्या नांवानें निघालेल्या संशोधन मंडळानें त्यांचें कार्य पुढें चालविलें. परंतु लोकजीवनाचा एक भाग असा असतो, कीं त्याचा कागद कोठेंच होत नाहीं. एखाद्या नटानें लोकांच्या मनांत काय घडविलें, याची नोंद कोणत्या रुमालांत सांपडावयाची? १३ जुलै २००९ रोजीं निळू फुले यांचें पुण्यांत निधन झालें, तेव्हां जळगांव आणि धुळें येथील आमच्या परिचयाच्या मंडळींत जें बोलणें झालें, तें असेंच नोंदीवांचून राहिलें आहे. त्याचा अर्थ लावून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु.

त्या बोलण्यांत एक गोष्ट चमत्कारिक होती. लोकप्रिय नट गेला म्हणजे लोक त्याच्या भूमिका आठवतात. निळूभाऊंच्या बाबतींत लोकांना प्रथम आठवला तो स्वतःचा राग. कापूस विकून हातीं चार पैसे आले, कीं यात्रांतून सिनेमाचे तंबू लागत, आणि बैलगाड्या जुंपून माणसें तेथें जात. आमच्या घरांतील एक वृद्ध बाई त्या तंबूंत बसून या नटाला इतक्या शिव्या देत, कीं शेजारच्या बायका पडदा सोडून त्यांच्याकडेच पाहत राहत. मृत्यूची बातमी त्यांच्या कानांवर घातली तेव्हां त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्याच्या घरीं कोण कोण आहे, असें त्यांनीं विचारलें. आणि शेवटीं अहिराणींत एवढेंच म्हणाल्या, कीं आपण त्याला फार बोललों. ज्या माणसाला त्यांनीं प्रत्यक्ष कधीं पाहिलेंहि नव्हतें, त्याच्याविषयीं हा पश्चात्ताप कां व्हावा?

ज्याला त्यांनीं शिव्या दिल्या तो माणूस कोण होता, हें आधीं पाहिलें पाहिजे. निळू फुले यांनीं तरुणपणीं पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयांत माळ्याचें काम केलें. राष्ट्र सेवा दलाचे ते सैनिक होते, आणि त्या दलाच्या कलापथकांतच त्यांच्या अभिनयाची घडण झाली. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यानें त्यांचें नांव गाजलें. १९६८ सालीं अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’ या चित्रपटांतून ते पडद्यावर आले. १९७२ सालीं विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकांत त्यांनीं सखारामाची भूमिका केली. या नाटकासाठीं दिग्दर्शक कमलाकर सारंग यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, हें सर्वश्रुत आहे. पुढें १९९१ सालीं संगीत नाटक अकादमीनें त्यांचा गौरव केला. व्यसनी, कामुक व क्रूर माणसें रंगविणारा हा नट स्वतः साधा, वाचनप्रिय व मृदुभाषी होता, असें त्यांना ओळखणारे एकमुखानें सांगतात.

खानदेशच्या वाचकाला या चरित्रांत एक धागा आपला वाटल्यावांचून राहणार नाहीं. १९४१ सालीं ज्या सेवा दलाची नवी उभारणी झाली, त्याच्या तरुणांना ज्यांची प्रेरणा होती ते साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या शाळेंत शिक्षक होते. मुलांना गोष्ट सांगून माणूस घडवावा, हा त्यांचा मार्ग. कलापथकानें तीच गोष्ट ढोलकीच्या तालावर चावडीपुढें नेली. अमळनेरच्या त्या वर्गापासून निळूभाऊंच्या वगापर्यंतचें अंतर वाटतें तितकें मोठें नाहीं. गुरुजींनीं मुलांच्या डोळ्यांत पाणी आणलें, निळूभाऊंनीं लोकांच्या मनांत संताप आणला. साधनें भिन्न, परंतु तळमळ एकाच कुळांतली.

आतां त्या संतापाकडे वळूं. खलनायकाला प्रेक्षकांनीं शिव्या द्याव्या ही रीति आपल्याकडे जुनीच आहे, आणि त्या शिव्या सर्वस्वीं नाटकांतल्या पात्रालाच असतात असें नाहीं. १९०७ सालीं खाडिलकरांचें ‘कीचकवध’ रंगभूमीवर आलें, तेव्हां प्रेक्षकांनीं कीचकाच्या ठिकाणीं लॉर्ड कर्झनला पाहिलें. कथा महाभारतांतील होती, राग मात्र चालू काळाचा होता. सरकारलाहि तें उमगलें, म्हणून १९१० सालीं त्या नाटकावर बंदी आली. ज्याच्याविरुद्ध उघड बोलतां येत नाहीं, त्याला लोक नाट्यगृहाच्या अंधारांत बोलून घेतात. राज्यकर्त्यांना खलनायकाची भीति वाटते ती याच कारणानें.

निळूभाऊंचा खलनायक हा स्वराज्यांतील कीचक होता. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या थोड्याच वर्षांत खेड्यांतील सत्तेचें रूप पालटलें. मुलकी पाटलांचें वंशपरंपरागत पद १९६२ सालच्या कायद्यानें संपुष्टांत आलें; त्याच वर्षीं १ मे पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांचा कारभार सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनीं प्रवरेकांठीं सहकारी साखर कारखान्याचा जो पाया घातला होता, त्याचें अनुकरण राज्यभर होऊं लागलें. शेतकऱ्याच्या हातीं सत्ता व भांडवल यावें हा या सर्वांचा उद्देश, आणि तो पुष्कळ ठिकाणीं सफलहि झाला. परंतु पुष्कळ ठिकाणीं जुनाच वाडा नवी पाटी लावून उभा राहिला. जो पाटील होता तो सरपंच झाला, सरपंचाचा सभापति झाला, सभापतीचा चेअरमन झाला. या स्थित्यंतराचा वृत्तांत समाजशास्त्राच्या ग्रंथांतून आपल्याला पुढें वाचावयास मिळाला. तंबूंतील प्रेक्षकांनीं तो निळूभाऊंच्या चेहऱ्यावर आधींच वाचला होता. डोईवर तिरकी टोपी, अर्धवट मिटलेले डोळे, आणि घाई कशाची ती नाहीं असा आवाज! सत्तेला ओरडावें लागत नाहीं, हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें.

या शोधाचा कळस ‘सामना’ या चित्रपटांत झाला. लेखन तेंडुलकरांचें, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचें. १९७५ सालीं बर्लिनच्या चित्रपट महोत्सवांत हा चित्रपट स्पर्धेंत होता. एका बाजूला साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील, म्हणजे निळू फुले. दुसऱ्या बाजूला सर्वस्व गमावलेला एक भणंग मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. मूळच्या शिरपूरच्या घराण्यांतील स्मिता पाटील हिनेंहि यांत एक लहान भूमिका केली. एका नाहींशा झालेल्या माणसाविषयीं मास्तर प्रश्न विचारूं लागतो, आणि सर्व कांहीं हातीं असलेल्या हिंदुरावाच्या मनांत भीति शिरते. निळूभाऊंनीं ती भीति अशी दाखविली, कीं क्षणभर त्या माणसाची कींवहि यावी. सामान्य नट खलनायकाला राक्षस करतो. निळूभाऊंनीं त्याला माणूसच राहूं दिलें, आणि म्हणून तो अधिक भयंकर झाला. पुढें ‘सिंहासन’ या १९७९ सालच्या चित्रपटांत त्यांनीं सत्तेचा खेळ जवळून पाहणारा पत्रकार रंगविला. सत्ता गाजविणारा आणि सत्तेनें हतबुद्ध झालेला, दोघांचेंहि अंतरंग त्यांना अवगत होतें.

येथें एक आक्षेप विचारांत घ्यावयास हवा. त्यांचे सर्वच चित्रपट ‘सामना’च्या तोडीचे नव्हते. अबलेवर हात टाकणारा तोच तो पुढारी त्यांना कितीतरी पटांतून पुनःपुन्हा करावा लागला. त्यांतील कांहींचें कथानक इतकें ठोकळेबाज होतें, कीं अन्यायाचें दर्शन घडविण्यापेक्षां त्याचें प्रदर्शन मांडण्याकडेच त्यांचा कल अधिक होता. पुढें नकला करणाऱ्यांनीं या थोर नटाला एका लकबीपुरता आणि वाड्याच्या एका आमंत्रणापुरता उरविला, आणि आपणहि त्या नकलांना हंसलों. ज्या गोष्टीचा राग यावयाचा तिचेंच हंसूं येऊं लागलें, तर तो दोष नटाचा नव्हे. पण आपला निश्चित आहे.

निळूभाऊंनीं मात्र त्या लोकप्रियतेचा विनियोग निराळ्या रीतीनें केला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला त्यांनीं साथ दिली. डॉ. लागू, डॉ. बाबा आढाव आदि मंडळींसह सामाजिक कृतज्ञता निधीच्या उभारणींत ते होते. पूर्ण वेळ समाजकार्य करणाऱ्यांना दरमहा कांहीं मानधन मिळावें म्हणून आचार्य अत्रे यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून या नटांनीं पैसा जमविला. पडद्यावर जो माणूस गांव लुटीत होता, तोच पडद्याबाहेर गांवासाठीं झोळी धरीत होता.

आतां त्या वृद्ध बाईंच्या पश्चात्तापाकडे परत येऊं. आम्ही त्यावर पुष्कळ विचार केला. यात्रेच्या रात्रीं तंबूंत त्या ज्याला शिव्या देत, त्याच्यासारखाच एक माणूस त्यांच्या गांवीं होता. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो वाटेंत भेटला, कीं त्या पदर सांवरून बाजूला उभ्या राहत, आणि घरांतील पुरुष त्याला वांकून रामराम करीत. त्या पुरुषांत आमचे वाडवडीलहि होते, हें येथें लपविण्याचें कारण नाहीं. जो राग त्याच्या तोंडावर बोलून दाखविण्याची छाती आमच्यांत कोणाचीच झाली नाहीं, तो आम्ही सर्वांनीं मिळून एका सज्जन माणसाच्या पदरांत टाकला. आणि त्यानें तो चाळीस वर्षें मुकाट्यानें घेतला. आपण त्याला फार बोललों, या शब्दांचा अर्थ आम्हांस असा वाटतो. जें बोलावयाचें होतें तें खरें होतें. ज्याला बोलावयाचें तो मात्र दुसरा होता.

नटाचें ऋण टाळ्यांनीं फिटतें असें म्हणतात. ज्याला टाळ्यांऐवजीं शिव्याच मिळाल्या, त्याचें ऋण कशानें फिटावें? त्या बाई आतां नाहींत, ते तंबूहि उठले. वाडे मात्र कोठें कोठें अजून उभे आहेत.